वारा अठराचा, झोत तिसाचा

रत्नागिरी,
माघ वद्य पंचमी

चि. सौरभ यास,


तुझा मेसेज आणि सोबतचा स्क्रीनशॉट मिळाला. मला मोबाइलवर चार ओळींपलीकडे लिहिता येत नाही, म्हणून कागद घेतला. वेळ काढून वाच, होडीवर बसून वाचू नकोस.

तू विचारतोस, मोबाइलवर वारा ताशी १८ किलोमीटर दाखवत होता, मग पौर्णिमेच्या दुपारी तीनला देवबागच्या संगमावर होडी एवढी का आपटली? ठाण्याचं ते कुटुंब उतरल्यावर तुझ्याशी एक शब्द बोललं नाही, असं ताई फोनवर सांगत होती. तू निकाल देऊन मोकळा झालास की ॲप खोटं आहे. बंदरात नोकरीला होतो तेव्हा हेच वाक्य मी बारा महिने ऐकायचो, फक्त तेव्हा ॲपच्या जागी रेडिओ होता. आता तुझा स्क्रीनशॉट पुन्हा उघड. १८ च्या खाली, बारीक अक्षरात दुसरी ओळ आहे. तिथे ३० लिहिलंय. ती झोताची ओळ. ती तू वाचलीच नाहीस.

आधी तो १८ म्हणजे काय ते सांगतो. अंदाज काढणारे संगणक सगळ्या पृथ्वीवर एक जाळं टाकतात असं समज. युरोपच्या केंद्राच्या जाळ्याची आस साधारण ९ किलोमीटरची. ॲपवर फुकट मिळणारा अमेरिकन अंदाज वीस-पंचवीस किलोमीटरच्या आसेचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत तयार झालेली आपली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ पासून ६ किलोमीटरवर आली, आणि ते मोठंच काम आहे. पण आस कितीही बारीक केली तरी एका आसेत वाऱ्याचा एकच आकडा मावतो. मालवणची जेटी, सिंधुदुर्ग किल्ला, राजकोटचे खडक, चिवल्याची वाळू, गावातले माड, मागचा डोंगर, सगळ्यांना मिळून एक आकडा. तू ज्या पाण्यावर उभा आहेस त्या पाण्याचा आकडा संगणकाकडे नाही. तो कधी नव्हताच.

किल्ल्याकडे माणसं नेतोस तेव्हा हे तुला रोज दिसत असणार. पश्चिमेचा वारा असला की दरवाज्याच्या बाजूला पाणी निवांत असतं, कारण तीसेक फूट उंचीचा तट मध्ये आहे. भिंतीआड वारा पडतो, पण मरत नाही. भिंतीच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत तो गढूळ झालेला असतो, कधी इकडून, कधी तिकडून. आणि तटाच्या टोकाशी तोच वारा कोपऱ्याला वळसा घालून जास्त जोराने येतो. दरवाज्याशी शांत आहे म्हणून पर्यटकांना उभं राहून फोटो काढू देणारे, आणि कोपऱ्यावर आल्यावर 'बसा, बसा' म्हणून ओरडणारे होडीवाले मी पाहिलेत. अंदाजाला तो तट दिसत नाही. तुला दिसतो.

दुसरी गोष्ट उंचीची. अंदाजातला वारा दहा मीटर उंचीवरचा असतो, उघड्या मैदानावर खांब उभा करून मोजला तर मिळेल तसा. जगभर हीच पद्धत आहे. होडीत बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून फार तर दीड मीटर वर. तिथे पाण्याच्या घर्षणाने वारा थोडा मंदावलेला असतो, म्हणून एरवीच्या दिवशी तुला वाटतं की ॲप जरा जास्तच दाखवतं. हा समज घातक आहे. तो डोक्यात बसला की ज्या दिवशी आकडा खरा ठरतो त्या दिवशी माणूस गाफील सापडतो. तू पॅराशूटची बोट घ्यायच्या गोष्टी करतोस असंही ताई म्हणाली. मग उलटा हिशेब लक्षात ठेव. दोरीच्या टोकाला लटकलेला माणूस त्या दहा मीटरच्या कितीतरी वर असतो आणि तिथे वारा ॲपवरच्या आकड्यापेक्षा जास्तच असतो. खाली तुझ्या गालाला झुळूक लागत असताना वर छत्री ताणलेली असते. माझं मत विचारशील तर तो धंदा घेऊ नकोस. पण तू मला विचारलेलं नाहीस.

आता झोत. हा या पत्राचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश वाच.

वारा कधीच सरळ रेषेत वाहत नाही. तो येतो, ओसरतो, परत येतो. वाऱ्याचा वेग सांगताना काही मिनिटांची सरासरी घेतात. चक्रीवादळाच्या बातमीपत्रात आपलं हवामान खातं तीन मिनिटांची घेतं, जगात इतरत्र दहा मिनिटांचीही घेतात. झोत मात्र तीन सेकंदांचा मोजतात. सरासरीच्या त्या मिनिटांत जो सगळ्यात मोठा रेटा येऊन गेला तो झोताचा आकडा. म्हणजे १८ ची सरासरी आणि ३० चा झोत यांत विसंगती काहीच नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असतात.

आणि तीन सेकंद थोडे नव्हेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. १८ वरून ३० वर गेलास तर रेटा जवळजवळ पावणेतीन पट होतो. तुझ्या होडीवर तू सावलीसाठी ताडपत्रीचं छत बांधलंयस ना? ते छत म्हणजे नको त्या जागी लावलेलं शीड आहे. १८ ला ते नुसतं फडफडतं. ३० चा झोत आडवा बसला की तेच छत होडीला एका कुशीवर दाबतं, त्याच क्षणी सगळी माणसं घाबरून एका बाजूला सरकतात, आणि पुढचं तुला माहीत आहे. वारा सुटणार असं दिसलं की छत उतरवून ठेव. ऊन लागलं तर टोप्या घालतील.

वर्तमानपत्रं हा झोत खाऊन टाकतात, त्याचा मला जुना राग आहे. हवामान खातं लिहितं, वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५. छापून येतं, ४५ ते ६५. वाचणाऱ्याला वाटतं, कुठे ४५ असेल, कुठे ६५ असेल, आपल्याकडे ४५च असेल. तसं नाही. ज्याच्याकडे ४५ आहे त्याच्याकडेही मधूनच ६५ येणार, आणि त्या क्षणी रेटा दुप्पट असणार.

झोत येतो कुठून? वरून. जमिनीलगतची हवा झाडं, घरं, डोंगर यांना घासून मंदावलेली असते. वरची हवा मोकळी आणि वेगवान. ऊन चढलं की जमीन तापते, खालची गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी वरची वेगवान हवा तुकड्या-तुकड्यांनी खाली उतरते. तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक झोत. म्हणून सकाळी सातला असलेला १८ आणि दुपारी तीनचा १८ सारखे नसतात. संगणकही झोत प्रत्यक्ष मोजत नाही. वर किती वेगाची हवा आहे आणि ती किती सहज खाली येईल, यावरून तो अदमास बांधतो. उघड्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात झोत सरासरीच्या सव्वापट धरून चाल. जमिनीवरून, डोंगर-झाडांतून येणाऱ्या वाऱ्यात दीडपट, कधी त्याहून जास्त. ॲपवर झोताची ओळ नसली तर हा हिशेब तोंडी कर.

इथे दिशा महत्त्वाची होते. आपल्याकडे या दिवसांत पहाटेपासून मतलई असतो, जमिनीवरून समुद्राकडे. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ पाणी तेलासारखं होतं, आणि मग खारा वारा सुटतो, बहुतेक वायव्येकडून, तो दोन ते चारच्या दरम्यान भरात येतो. मोठी मॉडेलं हा रोजचा फेरा ढोबळपणे पकडतात, पण वारा फिरण्याची वेळ तासा-दोन तासांनी चुकवतात. अधूनमधून उत्तरेकडून थंडीची लाट येते तेव्हा हा फेराच मोडतो, उत्तरेचा वारा दिवसरात्र लागून राहतो आणि मोठे ट्रॉलरसुद्धा बंदर धरतात.

मतलईला मवाळ समजू नकोस. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर पाणी सपाट दिसतं, कारण लाट वाढायला वाऱ्याला अंतर लागतं आणि किनाऱ्यालगत ते अंतर मिळत नाही. तू तारकर्लीत उभा राहून म्हणतोस, काय मस्त सकाळ आहे. पण तोच वारा ट्यूबवरच्या, कयाकमधल्या माणसाला सरळ बाहेर ढकलतो. दोनशे मीटर बाहेर गेल्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात, आणि किनाऱ्यावरून बघणाऱ्याला लाटांची फक्त पाठ दिसत असते. दुपारचा खारा वारा चिडका असतो, पण तो निदान माणसाला किनाऱ्याकडे आणतो. स्नॉर्कलिंगला सकाळ चांगली हे मला मान्य, पाणी नितळ असतं. फक्त मतलईच्या झोताचा आकडा पाहून मगच माणसं पाण्यात सोड, आणि होडी त्यांच्या बाहेरच्या बाजूला ठेव, किनाऱ्याच्या बाजूला नको.

आता तुझी ती दुपार. पौर्णिमा होती. भरतीचा जुना हिशेब तुझ्या आज्याने तुला शिकवला असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पाणी सव्वाअकराच्या सुमारास भरलं, आणि अडीच-तीनला ओहोटी ऐन जोरात होती. पौर्णिमेची ओहोटी, उधाणाची. कर्ली नदीचं सगळं पाणी देवबागच्या तोंडातून बाहेर पडत होतं आणि समोरून खारा वारा लाटा आत लोटत होता. पाणी आणि वारा असे समोरासमोर आले की लाटेची लांबी आखडते, उंची वाढते, ती उभी होते आणि फुटते. वारा तोच १८ चा, झोत तोच ३० चा, पण संगमावर लाट दुसऱ्या कुठल्याही जागेपेक्षा वाईट. तीन तास आधी गेला असतास तर भरतीचं पाणी थांबलेलं मिळालं असतं. ॲपच्या वाऱ्याच्या पानावर भरती-ओहोटी नसते. पंचांग आणि मोबाइल दोन्ही शेजारी ठेवून बघावे लागतात.

लाटेच्या आकड्यातही हाच सरासरीचा घोळ आहे. हैदराबादचं इन्कॉइस समुद्राच्या स्थितीचा अंदाज देतं, चांगला देतं, तो रोज बघत जा. पण तिथे लाटेची उंची दीड मीटर लिहिली असेल तर ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच दिवशी एखादी लाट जवळजवळ दुपटीची येऊ शकते, आणि ती येण्याआधी निरोप पाठवत नाही.

काही बारीकसारीक गोष्टी. ॲपवर एकक कोणतं आहे ते आधी बघ. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, आणि सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. कुणी तुला 'वारा फक्त दहा' म्हणाला तर कसले दहा ते विचार. सेकंदाला दहा मीटर असतील तर ते ताशी ३६ किलोमीटर झाले. वेळ ग्रीनिचची दाखवत असेल तर त्यात साडेपाच तास मिळव, नाहीतर दुपारी बारा समजून तू संध्याकाळचा साडेपाचचा वारा वाचशील. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. ॲपवरचा बाण मात्र वारा जातो तिकडे तोंड करतो. दोन ॲपं दोन वेगळे आकडे देत असतील तर त्यातलं आवडतं निवडू नकोस. याचा अर्थ एवढाच की त्या दिवसाचा भरवसा कमी आहे, आणि अशा दिवशी मोठा आकडा धरावा.

एप्रिल-मे आला की आणखी एक दुखणं. वळवाचं. दिवसभर तुझ्या मोबाइलवर १५ चा वारा दिसेल आणि संध्याकाळी सह्याद्रीवरून काळा ढग किनाऱ्याकडे सरकेल. त्या ढगातून पावसाबरोबर थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस अजून काही कोस लांब असताना तिचा रेटा तुझ्यापर्यंत पोचतो. आधी उकाडा, मग वारा एकदम पडतो, मग पूर्वेकडून मातीचा वास घेऊन गार झोत. तो वास आला म्हणजे तुझ्या हातात काही मिनिटंच आहेत. वारा एकदम ताशी तीसेक किलोमीटरने चढून चाळीसच्या वर गेला आणि निदान मिनिटभर टिकला, तर हवामान खातं त्याला झोत म्हणत नाही, चंडवात म्हणतं. कालचा अंदाज इथे कामाचा नाही. अशा दिवशी खात्याचा तीन तासांचा नाऊकास्ट बघायचा, तो रडारवरून निघतो, आणि विजांसाठी दामिनी ॲप ठेवायचं, तेही पुण्याच्या आयआयटीएमचंच. आणि दर पंधरा मिनिटांनी मान वळवून पूर्वेकडे बघायचं. तुम्ही मुलं समुद्राकडे तोंड करून बसता, वळीव पाठीमागून येतो.

बावट्याचं थोडं सांगतो, कारण त्याबद्दल बंदरात कमालीचं अज्ञान आहे. आपण बावटा म्हणतो, पण खरं तर दिवसा शंकू आणि नळकांडी चढवतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे. एक नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे, बंदराला त्रास नाही. तीन नंबर म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. लोक एक आणि तीन सारखेच समजतात आणि तीनला खांदे उडवतात. आणि सात नंबर पाचपेक्षा भयंकर असं सगळे धरून चालतात, तसंही नाही. पाच, सहा, सात हे तिन्ही सारख्याच जोराच्या वादळाचे. वादळ बंदर कुठल्या हाताला ठेवून जाणार की थेट अंगावर येणार, एवढाच त्यांत फरक. आठ, नऊ, दहा हे तसेच, पण तीव्र वादळाचे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं. ते मुंबई आणि अलिबागच्या मधून किनाऱ्यावर चढलं, म्हणजे आपल्यापासून कितीतरी उत्तरेला, तरी जाताना त्याने सगळं कोकण झोडपलं. रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत. वादळ कुठे धडकणार हे विचारणाऱ्यांना मी अजून सांगतो, धडकण्याची जागा हे वादळाचं एक टिंब आहे, वारा शेकडो किलोमीटर पसरलेला असतो.

आता तुझ्याकडून मला काय हवंय ते. एक वही घाल. सकाळी निघण्याआधी चार गोष्टी लिही: ॲपवरचा वारा, झोत, दिशा, आणि तिथी. दुपारी परत आल्यावर प्रत्यक्ष काय होतं ते लिही, जागेसकट. यंत्र नसलं तरी डोळे आहेत. समुद्रावर इथे-तिथे तुरळक पांढरे तुरे दिसू लागले तर वारा १२ ते १९. बरेच तुरे असतील आणि किनाऱ्यावर धूळ-कागद उडत असतील तर २० ते २८. माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्या जाऊन सरळ झाल्या आणि छत्री हातात ठरेना, तर चाळिशीच्या आसपास. ब्यूफोर्ट नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने १८०५ मध्ये असाच तक्ता केला आणि तो अजून चालतो. एक हंगाम वही भरलीस की तुझ्या लक्षात येईल, मतलई असताना तुझं ॲप किती कमी दाखवतं, संगमावर किती, किल्ल्याच्या कोपऱ्यावर किती. ही माहिती कुठल्याही कंपनीकडे विकत मिळत नाही. आणि हातात धरायचा छोटा वातमापक मिळाला तर घे, पण तो किल्ल्याआड नाही, उघड्यावर हात वर करून धर.

तुझ्या त्या चोवीस फुटी होडीसाठी माझा आकडा सांगतो. झोताची ओळ ३५ दाखवत असेल तर माणसं भरायची नाहीत. सरासरी किती आहे ते बघायचंसुद्धा नाही. बुकिंगचे पैसे परत कर, कुणी चिडलं तर चिडू दे, हवं तर माझा नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दुपारी ओहोटीत संगमावर जाणं आजपासून बंद कर.

वहीची पहिली पानं होळीला येशील तेव्हा घेऊन ये. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा